धुऱ्यावरची मारवेल

शंकररावाची एक खोड आधी सांगितलेली बरी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच निघाला. फवारणी आटोपली आणि पंपाच्या तळाशी औषधाचं पाणी उरलं, की ते ओतून देणं त्याच्या जिवावर यायचं. मग तो धुऱ्यावर चढायचा, गवत दिसेल तिथं नळी फिरवायचा, पंप रिकामा करायचा आणि मोठी बचत केल्याच्या तोऱ्यात घरी यायचा. कसली बचत, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

त्याची बायको चांगुणा यावरून त्याला कितीदा तरी बोलली होती. कारण धुरा, म्हणजे दोन वावरांच्या मधला बांध, हा तिचा जीव की प्राण होता. तिचं माहेर बुलढाण्याच्या घाटाखालचं. बापाचं गवताचं बीड होतं, डोंगराच्या कडेनं राखलेलं, आणि त्यात मारवेल अशी माजायची की गाय शिरली तर नुसती शिंगं दिसायची. लग्नानंतरच्या पावसाळ्यात ती माहेराहून परतली ती मारवेलीचे ठोंब ओल्या पोत्यात गुंडाळून. सासू म्हणाली, "लोकं माहेराहून लुगडं आणतेत, हिनं गवत आणलं." चांगुणानं मुकाट ऐकून घेतलं आणि ठोंब धुऱ्यावर लावले. पुढं सासू गेली, लुगडी विरली, मारवेल मात्र तिथंच होती. एकदा लागली की दरसाल आपल्याच बुडातून फुटते, कोणाला काही मागत नाही.

आणि हल्लीच्या दिवसांत तर ती सोन्यासारखी. उंद्री गावाच्या बाजूला सगळ्या शिवारात बीटी कपाशीच उभी. ज्वारी गेली, तिच्यामागं कडबा गेला. काही शहाण्यांनी तर धुरेच नांगरून कपाशीच्या ओळी वाढवल्या. हे बियाणं गावात आलं तेव्हा लोक सांगायचे, याला अळी लागत नाही, फवारणी विसरा. गेल्या साली गुलाबी बोंडअळीनं अख्ख्या गावाची बोंडं आतून पोखरली, तेव्हापासून माणसांच्या पाठीवरून पंप काही उतरेना. मावा दिसला मार, तुडतुडा दिसला मार, शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपणही मार. साऱ्या शिवाराला औषधाचा एकच वास, नाकं मरून गेलेली.

या धुऱ्याच्या पलीकडचं वावर रहेमतुल्लाचं. दोन्ही घरांत बापजाद्यांपासून एक रीत चालत आलेली. धुऱ्याचं गवत बारीनं कापायचं, एक साल यांनी, एक साल त्यांनी. ज्याची बारी नसेल त्यानं काडीलाही हात लावायचा नाही. ठोंबाला मात्र बारी नव्हती. कोणाला लावायला हवे असतील तर त्यानं केव्हाही खणून न्यावेत, लावणाऱ्याला नाही म्हणू नये, असं जुनी माणसं सांगून गेलेली. औंदा गवताची बारी शंकररावाकडं होती.

रहेमतुल्लाची बायको शाहजादी हिच्या डोक्यात या साली एक खूळ शिरलं होतं. वावराच्या वरच्या अंगाला त्यांची मुरमाड पट्टी होती, तिथं कपाशी कधी गुडघ्यावर आली नाही. तिथं मारवेल लावायची, म्हणजे म्हशीला बारमाही चारा. ती चांगुणाकडं आली तशी चांगुणा इतकी खूष झाली की चुलीवरचं दूध उतू गेलेलं तिला कळलं नाही.

"मधला जुना गड्डा घेऊ नको भाभी, तो पोकळ असते," तिनं समजावलं. "कडेचे फुटवे घे. एका ठोंबात दोन-चार काड्या बस झाल्या. शेंडे इळ्यानं छाटून टाक, वीतभर ठेव, नाहीतर पानंच सारं पाणी पिऊन घेतेत अन् मुळाची जड धरत नाही. लावलं की टाचेनं दाब. अन् पयल्या साली ढोराले तोंड लावू देऊ नको, कितीबी हंबरलं तरी."

"अन् बी फेकलं त?"

"यंदाचं बी यंदा उगवत नाही वो. साल-सालभर ठेवा लागते. तुले हाय का तेवढा धीर?"

"मले कुठचा धीर," शाहजादी म्हणाली. "ठोंबच दे बाई."

"देणारी मी कोन? ठोंब खणायचे आन् न्यायचे. उद्या उघाड हाय, जमीन ओली हाय. उद्याच ने."

दोघींचं असं ठरलं, आणि हे शंकररावाला सांगायचं चांगुणाच्या डोक्यातूनच गेलं. गवताच्या गोष्टी नवऱ्याला सांगायच्या असतात, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तो हसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंकरराव वावरातून आला. साबण लावून लावून हातपाय धुतले आणि ताटावर बसला. चांगुणानं भाकर वाढली, बाजूला ठेचा ठेवला.

"झालं का मारून?" तिनं विचारलं.

"सकाळीच झालं. मंग निंदणाऱ्या बाया पाह्यल्या, उंद्रीले जाऊन आलो. आज जहाल मारलं. दोन दवाया एकात घातल्या. तुडतुड्याचा आजाबी नाही राहत आता."

"पंपात उरलं असन."

शंकररावानं भाकरीचा तुकडा मोडला आणि ठेच्याकडं पाहत राहिला. "थोडकंच होतं."

"धुऱ्यावर मारलं?"

"अवं, औंदा बारी आपली हाय. आपुन दिवाळीपर्यंत कापतच नाही. तवरोक कितीक पाणी पडते, धुऊन जाते सारं. कोनाचं काय बिघडलं?"

चांगुणाच्या हातातली थापलेली भाकर तव्यापर्यंत गेलीच नाही. "आज शाहजादीभाभी ठोंब न्यायले येणार होती," ती म्हणाली. "सकाळीच. शेंडे छाटले असन तिनं. हिरवेगार शेंडे माणूस फेकून देते का? म्हशीले टाकन."

शंकररावाचा घास तोंडातच राहिला. रहेमतुल्लाची म्हैस त्याच्याही डोळ्यांपुढं उभी राहिली. गाभण, दिवस भरत आलेले, तिच्यावर ते घर चालायचं. तिच्या मागच्या वेतात रहेमतुल्लानं गावभर खरवस वाटला होता, पहिलं भांडं यांच्या घरी.

"तू मले सांगतलं काऊन नाही?" तो म्हणाला.

"अन् तुमी मले इचारलं काऊन नाही?" चांगुणानं तव्याखालचं लाकूड ओढून बाहेर टाकलं. भांडायला पुढं जन्म पडलाय, एवढी अक्कल तिला होती. तिनं मोबाइल घेतला आणि रहेमतुल्लाला लावला. त्या घरात तो एकच मोबाइल, त्याच्या खिशात असणारा. घंटी वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"तुमी त्यायच्या घरी जा," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हशीपाशी उभे राहा. कोनी काडी जरी आणली त हातातून हिसकून घ्या. हालू नका तिथून. मी वावरात जाते."

"अन् घरी कोन?"

"घर काय पळून जाते का?"

दारात त्यांची गाय बांधलेली होती, सावळी नावाची, नुकती व्यालेली. कालवड पलीकडच्या खुंट्याला. चांगुणा दिसताच सावळी मान वर करून हंबरली, कारण दुपारचा चारा अजून पडला नव्हता. "आल्यावर टाकते माय," चांगुणा म्हणाली आणि लुगडं खोचून निघाली.

डांबरी रस्त्यानं वावर लांब पडायचं, पांदणीनं जवळ. पांदणीत घोट्याएवढा चिखलाचा गारा. चांगुणा तीतून पळत होती, पळत म्हणजे एक पाय उपसायचा आणि दुसरा रोवायचा. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती नुसती म्हशीची नव्हती. गेल्या उन्हाळ्यात कावीळ झाली तेव्हा ह्याच शाहजादीनं तिच्या उशाशी बसून तिला उसाचा रस पाजला होता. आता तिच्या गोठ्यात विष जाणार, आणि ते मारवेलीतून जाणार, जी मारवेल चांगुणानं स्वतः आणली, स्वतः लावली, काल स्वतःच्या तोंडानं 'ने' म्हणून सांगितली. म्हैस मेली तर गाव काय बोलेल ते तिला आताच ऐकू येत होतं. हिंदू-मुसलमानाचं बोलायला टपलेलीही दोन-चार तोंडं गावात होतीच.

आणि खोटं कशाला बोला, मधेच एक हलकट विचारही तिच्या मनात येऊन गेला. अजून कोणाला काही माहीत नाही. आपण परत फिरलो, गप्प बसलो, तर शिवारात सगळेच मारतात, कोणाच्या पंपातलं ते कोण सांगणार? तिला स्वतःचीच शिसारी आली. ती अजून जोरात चिखल तुडवू लागली.

धुऱ्यावर पोचली तर ताजे खड्डे दिसले. काल सांगितल्याबरहुकूम शाहजादीनं कडेकडेचे फुटवे नेले होते, मधले गड्डे तसेच सोडून. चांगुणानं उरलेल्या गवतात तोंड खुपसून वास घेतला. कपाशीचा वास आणि गवताचा वास एकच. शाहजादीला तरी कसं कळावं? छाटलेल्या शेंड्यांच्या दोन-चार काड्या विखुरल्या होत्या, बाकी भारा गेलेला.

वरच्या मुरमाड पट्टीत शाहजादी उकिडवी बसली होती. ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली, हात मातीनं भरलेले. तिच्यामागं मारवेलीच्या वीतवीत काड्यांच्या ओळी सरळ उभ्या होत्या, टाचेनं दाबलेल्या.

"ये, पाय," ती खुशीत म्हणाली. "जमलं का मले? दोरी लावून लावल्या."

"भाभी, शेंडे कुठी हायत?"

"काय झालं वो? तोंड कसं झालं तुहं?"

"शेंडे. म्हशीले टाकले का?" चांगुणाला दम लागला होता, तरी तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. "त्याच्यावर दवाई हाय. ह्यायनं सकाळी पंप धुऱ्यावर रिकामा केला. मले आता कळलं."

शाहजादी उठून उभी राहिली. आपल्या हातांकडं तिनं पाहिलं, मग चांगुणाकडं. "म्हशीले कायले टाकीन मी?" ती हळूच म्हणाली. "औंदा बारी तुमची हाय ना. ठोंब माहे, पण गवत त तुमचं. ह्यायले म्हनलं, भारा बांधा अन् चांगुणाबाईच्या घरी टाकून या. लुनावर घेऊन गेले ना ते, मघाशीच."

म्हैस वाचली, हे आधी चांगुणाच्या मनात आलं. एक श्वासभर तिला इतकं बरं वाटलं की ती शाहजादीच्या गळ्यात पडणार होती. मग तिला आपल्या दारात मान वर करून हंबरणारी सावळी आठवली. घरी कोणी नव्हतं. तिनंच कोणाला ठेवलं नव्हतं.

"हात धू आधी," एवढंच ती शाहजादीला म्हणाली. खळग्यातल्या पाण्यात शाहजादीनं मातीनं हात घासले आणि मग दोघी डांबरी रस्त्यानं निघाल्या. चांगुणानं चालता चालता मोबाइल लावला. या वेळी रहेमतुल्लानं उचलला.

"हां वहिनी, पाह्यला का भारा?" तो म्हणाला. "घरी कोनीच नव्हतं. गाय लई हंबरून राह्यली होती, म्हनलं भुकी हाय बिचारी, मीच टाकून देला गव्हाणीत. आता उंद्रीले हाय मी, सरकीची ढेप घ्यायले आलो."

"सावळीले टाकलं वो," चांगुणा शाहजादीकडं वळून म्हणाली. शाहजादीनं तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि नवऱ्याला सांगितलं, की ढेप राहू द्या, ढोरांच्या दवाखान्यातून डॉक्टरला घेऊन असेच्या असे चांगुणाबाईच्या घरी या, गवताला विष होतं. पलीकडं लगेच लुना फडफडायला लागल्याचं ऐकू आलं.

दारात पोचल्या तेव्हा सावळी उभीच होती. चारही पाय फाकवून, मान खाली घालून. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती आणि मांड्यांचं मांस थरथरत होतं. गव्हाणीत मूठभर शेंडे उरले होते. आवडीचं गवत तिनं आधी संपवलं होतं. कालवड दाव्याला ताण देऊन आईकडं ओढ घेत होती.

चांगुणानं सगळ्यात आधी कालवडीचं दावं आणखी आखूड केलं. "हिले पिऊ द्यायचं नाही," ती म्हणाली. "दुधात उतरलं असन." मग तिनं गव्हाणीतली उरलेली प्रत्येक काडी वेचली आणि सावळीच्या तोंडावरची लाळ पदरानं पुसायला लागली. पुसली की पुन्हा यायची. शाहजादी धावत जाऊन आपल्या घरून शंकररावाला घेऊन आली. तो बिचारा सांगितल्याप्रमाणे म्हशीपुढं खांबासारखा उभा होता.

"म्हैस ठीक हाय," तो दुरूनच म्हणाला. "एक काडी येऊ देली नाही." शाहजादीनं वाटेत त्याला काही सांगितलं नव्हतं, नुसतं 'चला' म्हणून ओढत आणलं होतं. मग त्याला गाय दिसली.

डॉक्टर आले, रहेमतुल्लाच्या लुनावर मागं पेटी धरून बसलेले. त्यांनी सावळीच्या डोळ्यांत पाहिलं, सुया दिल्या, थांबून पुन्हा दिल्या. पोटात फार गेलंय आणि वेळही गेलाय, असं ते म्हणाले, पण हात थांबवले नाहीत. ऊन ओसरीवरून उतरलं तशी सावळी गुडघ्यांवर बसली, मग कुशीवर झाली. चांगुणानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं डॉक्टरांनी सुई पेटीत ठेवली आणि पेटी बंद केली.

एव्हाना दारात माणसं जमली होती. रहेमतुल्ला भिंतीला टेकून खाली बसला होता, टोपी हातात. "माह्या हातानं टाकलं वहिनी," तो म्हणत होता. "माह्याच हातानं. मले वाटलं भुकी हाय."

शंकररावाचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं. माणसाला आपली चूक गिळता आली नाही की ती तो दुसऱ्याच्या ताटात वाढतो. "पण मी म्हनतो," तो भोवतालच्या माणसांकडं पाहत म्हणाला, "दुसऱ्याच्या जनावराले न इचारता चारा टाकावाच काऊन? घरात कोनी नसताना..." जमलेल्यांतल्या दोघांनी लगेच माना डोलावल्या. त्यांना तेवढंच पाहिजे होतं.

"चूप," चांगुणा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण चारचौघांत ती नवऱ्याला असं कधी बोललेली नव्हती. सगळे तिच्याकडं पाहू लागले.

"औंदा बारी आपली होती म्हणून त्यायनं आपलं गवत आपल्या घरी आणून देलं," ती म्हणाली. "काडी ठेवून घेतली नाही. इमान सोडलं असतं, मूठभर शेंड्यांसाठी डोळे मिटले असते, त आज त्यायची म्हैस गेली असती अन् आपली गाय उभी असती. दवाई तुमच्या पंपातली होती. साऱ्या गावानं ऐका, दवाई आमच्या पंपातली होती."

माना डोलावणारे दोघं हळूच मागच्या मागं सटकले. शंकरराव आत वळला. तो चुलीपाशी गेला, तिथं त्याचं अर्धं ताट तसंच पडलेलं होतं, ते पाहून परत बाहेर आला आणि गायीच्या पायापाशी बसून लेकरासारखा रडायला लागला. चांगुणाला त्याचा राग होता आणि कीवही येत होती. ती दोन्ही घेऊन बसून राहिली.

मग शाहजादी तिच्याजवळ आली. "ते ठोंब उपटून टाकू का मी?" तिनं विचारलं. "विषाचे हायत."

"नको," चांगुणा म्हणाली. "विष पानाले लागलं, जड जित्ती हाय. पाण्यानं धुऊन निघन. फक्त सालभर कोनाले तोंड लावू देऊ नको." हेच तिनं काल सांगितलं होतं, आणि काल ती किती खुशीत होती.

शाहजादीनं कालवडीचं दावं सोडलं. "हिले मी नेते. रोज दूध पाजीन. म्हैस व्यायल्यावर तिच्याखाली लावून पाहीन. घेतलं तिनं पदरात त घेतलं." कालवड आईजवळ जायला धडपडत होती. शाहजादीनं तिचे डोळे ओढणीनं झाकले आणि तिला कवेत धरून बाहेर नेलं.

दिवस मावळायच्या आत गाय पुरायची होती. गाडीत घालून तिला वावरात नेली, रहेमतुल्ला कुदळ घेऊन आला. शंकररावानं फावडं उचललं आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "धुऱ्याच्या कडेले खड्डा करू. तिथं जागा रिकामी हाय."

"धुऱ्यापाशी नाही," चांगुणा म्हणाली. "कपाशीत. मधोमध."

शंकररावानं तिच्याकडं पाहिलं. कपाशी पात्या-फुलांवर आली होती, सकाळीच तिच्यावर ते जहाल पाणी मारलेलं. तो वाद घालेल असं रहेमतुल्लाला वाटलं. पण शंकरराव वावरात उतरला, ओळीत शिरला आणि वाकून आपल्या हातानं एकेक झाड उपटून बाजूला ठेवू लागला. गायीला पुरेल एवढी जागा मोकळी होईपर्यंत तो थांबला नाही. मग रहेमतुल्लानं पहिली कुदळ घातली.